मुलीची आई कुठे आहे?

गेल्या रमजानपासून मी इंग्रजी प्रेमकथा वाचतेय, तेही ख्रिस्ती प्रेमकथा, हे स्टाफरूममध्ये कळलं तेव्हा दोन प्रश्न आले. एक, "मॅडम, या वयात?" आणि दुसरा, जरा आवाज खाली घेऊन, "त्यात धर्माचा प्रचार असतो ना?" पहिल्या प्रश्नाला मी हसून उत्तर दिलं. दुसऱ्याचं उत्तर एवढं छोटं नव्हतं, म्हणून हा लेख.

पुस्तकं मला एका निवृत्त सिस्टरनी दिली. मूळच्या नगरकडच्या, उभी हयात दवाखान्यांत गेली, आता मुलाकडे पुण्याला राहायला निघाल्या होत्या. घर आवरताना पिशवीभर कादंबऱ्या निघाल्या. "भंगारवाल्याला द्यायला जीव होत नाही, तुम्ही वाचता म्हणून ठेवल्या," म्हणाल्या. मी उर्दू आणि मराठी शिकवते; इंग्रजी वाचताना मोबाइलवर शब्दकोश उघडाच ठेवावा लागतो. तरी तीन महिन्यांत सहा पुस्तकं झाली. गोष्ट चांगली असली की भाषा अडवत नाही, हे मुलांना सांगत आले होते, ते स्वतःवर तपासून झालं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकथांचं वेगळं दालनच आहे. जनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' 1979 मध्ये आली आणि तिथून या कादंबऱ्यांचा ओघ सुरू झाला. त्याआधी 'बेन-हर' (1880) आणि पोलिश लेखक सिएनकिएविच यांची 'क्वो वाडिस' होतीच, पण त्यांना कुणी प्रेमकथांच्या फळीवर ठेवलं नव्हतं. नव्या कादंबऱ्यांचे नियम ठरलेले. काळ जुना. प्रेम असतं, शरीराचं वर्णन बेताचं असतं. नायक-नायिका एकमेकांना भेटतात आणि त्याच वाटेवर दोघांपैकी एकाला, बहुतेक वेळा नायिकेला, देवही भेटतो. शेवटच्या प्रकरणात लग्न आणि श्रद्धा एकाच दारातून आत येतात.

आधी कौतुक करते, कारण ते मनापासूनचं आहे. या पुस्तकांत माणसं प्रार्थना करतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. चूल पेटवताना, पोर आजारी असताना, रागाने तोंडात वाईट शब्द येत असताना बाई देवाशी बोलते आणि लेखिका तिला हसत नाही. मराठी कादंबरीत मी हे फार कमी वाचलंय. आपल्याकडे कादंबरीत माणूस देवाचं नाव घेऊ लागला की समजावं, तो एक तर भोळा खेडूत आहे नाहीतर पुढे लबाड निघणार आहे. पाच वेळा नमाज पढणारी, घर-नोकरी सांभाळणारी, थट्टा करणारी, कधी चिडणारी साधी बाई मराठी कथेत शोधायला गेले तर हाताला फार काही लागत नाही. सिस्टरच्या पिशवीतल्या त्या परक्या बायका, कॅलिफोर्नियाच्या नाहीतर रोमच्या, त्या एका बाबतीत मला आमच्या गल्लीतल्या वाटल्या.

फ्रान्सीन रिव्हर्स ही त्यांतली सगळ्यांत गाजलेली लेखिका. आधी ती साध्याच प्रेमकथा लिहायची. श्रद्धेकडे वळल्यावर तिने लिहिण्याची दिशा बदलली. तिची 'अ व्हॉइस इन द विंड' (1993) इसवी सन 70 मध्ये जेरुसलेम पडलं तिथून सुरू होते. हदस्सा नावाची मुलगी, येशूला मानणाऱ्या यहुदी घरातली, सगळं घर गमावून गुलाम म्हणून रोमच्या एका श्रीमंत कुटुंबात येते. त्या घरचा मुलगा मार्कस तिच्या प्रेमात पडतो. लग्न करू म्हणतो. तीही त्याच्यावर जीव लावून आहे. आणि ती नाही म्हणते, कारण त्याला तिच्या देवाशी काही घेणंदेणं नाही. त्या नकाराची जी किंमत पुढे पडते ती ती मोजते. त्या पानांवर मी बराच वेळ थांबले. गुलाम मुलगी मालकाला नाही म्हणते आणि प्रेम असूनही म्हणते, हे लिहायला धाडस लागतं. इथे श्रद्धा आणि प्रेम वेगवेगळे उभे राहतात, एकमेकांकडे बघतात, आणि आपल्याला दोन्हींचं वजन कळतं.

तिचीच 'रिडीमिंग लव्ह' (1991) मात्र मला अर्धीच पटली. 2022 मध्ये तिच्यावर सिनेमाही निघाला. 1850 च्या आसपासचं सोन्याच्या खाणींचं कॅलिफोर्निया. बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याची गोष्ट तिथे नेली आहे. मायकल नावाचा शेतकरी एका वेश्येला, एंजलला, बघतो आणि देव त्याला आतून सांगतो की हिच्याशी लग्न कर. तो करतो. ती पळते, तो आणतो. ती पुन्हा पळते. आता बघा, ज्या माणसाला देवाने थेट सांगितलंय त्याच्याशी बाईने वाद कसा घालायचा? तिच्या नाहीला तिथे काही अर्थच उरत नाही. मायकल कितीही चांगला, संयमी असो, त्याच्या चांगुलपणात मला मुलगी बघायला आलेल्या त्या पाहुण्यांचा सूर ऐकू येत होता, जे म्हणतात, "इस्तिखारा केलाय आम्ही, होकारच आलाय." अरे, तुमच्या इस्तिखाऱ्यात मुलीला विचारलंय का?

पण या पुस्तकातला चांगला भाग शेवटाकडे आहे. एंजल स्वतःहून निघून जाते. सॅन फ्रान्सिस्कोला राहते, काम करते, आणि तिला जी काही श्रद्धा सापडते ती मायकल जवळ नसताना सापडते. आपल्यासारख्या इतर बायकांसाठी ती घर उघडते. तीन वर्षांनी परत येते ती आणलेली म्हणून नाही, आलेली म्हणून. लेखिकेला कुठेतरी जाणवलं असणार की नायकाच्या मिठीत सापडलेला देव वाचकाला पुरेसा वाटणार नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. धर्माचा प्रचार असतो का? असतो. आणि मला तो लगेच ओळखू आला, कारण मी तोच प्रचार उर्दूत वाचत मोठी झाले.

आमच्या घरी लोखंडी ट्रंकेत अब्बांच्या नॉवेल होत्या. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, शिक्षण उर्दूतून होतं, त्यामुळे अब्बांच्या आधीच्या पिढीत उर्दू कादंबरी वाचणारे फक्त मुसलमान नव्हते. आमच्या गल्लीतले एक वकीलकाका, कपाळाला गंध, धोतर, अब्दुल हलीम शरर यांची पुस्तकं अब्बांकडून न्यायचे आणि पानांच्या कडेला पेन्सिलीने उर्दूतच शेरे लिहून परत करायचे. आज हे सांगितलं तर मुलांना पटत नाही.

शरर (1860–1926) लखनौचे. त्यांच्याबद्दल असं सांगतात की रेल्वेच्या प्रवासात त्यांनी वॉल्टर स्कॉटची 'द टॅलिझमन' वाचली आणि त्यातलं मुसलमानांचं चित्र बघून ते संतापले. धर्मयुद्धांचा काळ, सलाउद्दीन आणि इंग्लंडचा राजा रिचर्ड. मग त्यांनी आपल्या 'दिलगुदाज' मासिकातून उत्तर म्हणून 'मलिक-उल-अजीज वर्जीना' (1888) लिहिली. सलाउद्दीनचा मुलगा अजीज आणि रिचर्डच्या घराण्यातली वर्जीना यांची प्रेमकथा. वर्जीना कुठल्या बाजूला येते हे सांगायला नको.

मी आठवी-नववीत होते. गच्चीवर असरनंतर उजेड असेपर्यंत वाचायचं, मग कंदिलात. अम्मी खालून ओरडायची, "क्या पढती गे इत्ता, आंखां फूट जातीं!" वर्जीना आपल्याकडे येते याचा मला काय आनंद व्हायचा. जसं भारताने मॅच जिंकावी तसा. नंतर नसीम हिजाझी हाताला लागले: 'मुहम्मद बिन कासिम', 'शाहीन', 'युसूफ बिन ताशफीन'. घोडे, तलवारी, उंच कपाळाचा मुजाहिद आणि पडद्याआडून बघणारी डोळ्यांची जोडी. हिजाझींची नायिका बोलते कमी, वाट जास्त बघते. पण वेग असा की पुस्तक खाली ठेवता येत नाही. आजही आमच्याकडच्या जुन्या घरांमध्ये ते सापडतात, आणि तरुण मुलं आता मोबाइलवर पीडीएफ वाचतात.

चाळिशी उलटल्यावर मी स्कॉट शोधून वाचला, संक्षिप्त आवृत्तीत का होईना. आणि शरर यांचा राग मला थोडा जास्तच वाटला. स्कॉटचा सलाउद्दीन रुबाबदार आहे. हकीम बनून तो आजारी रिचर्डला बरं करायला जातो. रिचर्डच्या नात्यातली एडिथ सलाउद्दीनला देण्याचा विचार होतो, पण ती शेवटी जाते आपल्या नाइटकडेच. म्हणजे स्कॉटने आपली मुलगी आपल्याकडे ठेवली. शरर यांनी त्यांची मुलगी आपल्याकडे आणली. मोठं मन कुणाचं ही चर्चा करण्यात अर्थ नाही. दोघांच्याही हिशेबात मुलगी ही किल्ल्यासारखी आहे, शेवटी कुणाच्या हातात राहिली यावर लढाई कोण जिंकलं ते ठरतं.

खरा इतिहास याहून गमतीचा. 1191 मध्ये रिचर्डने खरंच प्रस्ताव मांडला होता की त्याची बहीण जोन हिने सलाउद्दीनचा भाऊ अल-आदिल याच्याशी लग्न करावं आणि दोघांनी मिळून जेरुसलेम सांभाळावं. जोनने मुसलमानाशी लग्न करायला नकार दिला. अल-आदिलने ख्रिस्ती व्हावं असं सुचवलं गेलं, तेही जमलं नाही. तिथेच विषय संपला. इतिहासातल्या त्या दोघांपैकी कुणीच आपला धर्म सोडला नाही. कादंबरीकार मात्र तीनशे पानांत ते हमखास घडवून दाखवतो.

शरर यांच्यावर अन्याय नको. त्यांची सगळ्यांत चांगली कादंबरी 'फिरदौस-ए-बरीं' (1899) नेमकी याच दुखण्यावर आहे. हुसेन नावाचा साधा तरुण, त्याची जमुर्रद. डोंगरातला एक पंथ तिला पळवतो आणि बनावट जन्नतमध्ये ठेवतो. हुसेनला वाटतं ती मेली आणि खरंच स्वर्गात गेली. तिच्यापर्यंत पोचायचं असेल तर शेखचा हुकूम पाळ, असं त्याला सांगितलं जातं, आणि तो इतका आंधळा होतो की आपल्याच गुरूचा, सख्ख्या चुलत्याचा, खून करतो. प्रेमाला धर्माचं आमिष केलं की माणसाकडून काय काय करून घेता येतं, हे याहून स्पष्ट उर्दूत मी कुठे वाचलं नाही. पुस्तकभर हुसेन भाबडा आहे आणि जमुर्रद शहाणी. कैदेत असूनही त्या खोट्या जन्नतचा निकाल लावण्याची वाट तीच शोधते. 'वर्जीना' लिहिणारा माणूस अकरा वर्षांनी इथवर आला.

मराठीचा प्रकार वेगळा. मराठीतली पहिली कादंबरी कोणती, हा एक गुणाचा प्रश्न मी वर्षानुवर्षं विचारत आलेय: बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन', 1857. मुलं उत्तर पाठ करतात. ती ख्रिस्ती कादंबरी आहे हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. पदमनजी (1831–1906) बेळगावच्या कासार घरातले, 1854 मध्ये ख्रिस्ती झाले. कादंबरीचा विषय विधवांचं जिणं. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, 1856 मध्ये झालेला. यमुना आणि तिचा नवरा विनायकराव गावोगाव फिरतात आणि जिथे जातील तिथे केशवपन केलेल्या, कोपऱ्यात टाकलेल्या बायकांच्या कहाण्या ऐकतात. मग विनायकराव जातात आणि यमुना स्वतःच त्या कहाणीतलं एक पात्र होते. शेवटी ती उघडपणे ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती तरुणाशी तिचं लग्न होतं.

प्रेमकथा म्हणून ती फिकी आहे. संवाद प्रवचनासारखे. पण एक गोष्ट बघा. यमुनेची श्रद्धा कुणा प्रियकराने दिलेली नाही. ती मिशनच्या शाळेत शिकलेली आहे आणि मनाने आधीच तिथे पोचली आहे. नवऱ्याला वाट तीच दाखवते. पुढे येणाऱ्या शेकडो धार्मिक प्रेमकथांच्या तुलनेत हे उलटं आहे, आणि 1857 मध्ये आहे. शेवटचं लग्न मात्र घाईत उरकलंय, बक्षीस समारंभासारखं.

त्यानंतर मराठीत ऐतिहासिक कादंबरीचा पूर आला. 'मोचनगड' 1871 ची, मग हरिभाऊ आपटे, नाथमाधव आणि पुढे सगळे. त्यात आमचं काम काय असतं ते इथल्या वाचकांना नव्याने सांगायची गरज नाही. खान येतो, मुलगी पळवतो, किंवा पळवायचा प्रयत्न करतो. वर्गात अशी प्रकरणं वाचून दाखवताना काही मुलं माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करतात, तेव्हा मी जरा मोठ्याने वाचते. एवढंच.

पण हिशेब सारखा करायचा तर आमच्या नॉवेलमध्येही तेच आहे, फक्त पळवण्याला तिथे प्रेम म्हटलंय. आणि या सगळ्यांत विचित्र नमुना एका इंग्रजाचा. फिलिप मेडोज टेलर निजामाच्या नोकरीत होता, नळदुर्गला अधिकारी म्हणून राहिला. त्याने 1863 मध्ये 'तारा' नावाची कादंबरी इंग्रजीत लिहिली. नायिका आमच्या शेजारच्या तुळजापूरच्या ब्राह्मण शास्त्र्याची विधवा मुलगी, नायक अफजलखानाचा मुलगा. पुढचं मी सांगत नाही; ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं, आणि वाचल्यावर ग्रुपवर टाकू नये ही विनंती. टेलरची हिंमत मी मानते. तरी असंही वाटतं की दोन घरांच्या मधल्या भिंतीवर बसून तिसऱ्याला प्रेमकथा लिहिणं सोपं जातं, दोन्हीकडे त्याचं कुणी नसतं.

हे सगळं मी एकदा जेवताना घरी सांगत होते. माझी अकरावीतली मुलगी ऐकत होती. तिने विचारलं, "अम्मी, या मुलींच्या अम्मी कुठे असतात?"

मी पुस्तकं पुन्हा चाळली. खरंच. हदस्साची आई पहिल्याच प्रकरणांत जेरुसलेममध्ये मरते. एंजलची आई ती लहान असतानाच मरते. स्कॉटच्या एडिथमागे आई उभी दिसत नाही. हिजाझींच्या मुलींना शहीद वडील असतात, आई ओझरती. शरर यांच्या 'फ्लोरा फ्लोरिंडा'तली फ्लोरा तर इतिहासातली: नवव्या शतकातलं कुर्तुबा, वडील मुसलमान, आई ख्रिस्ती. ख्रिस्ती लोकांसाठी ती 851 मध्ये शिरच्छेद झालेली संत. शरर यांच्यासाठी ती मठवाल्यांनी फसवून नेलेली आपली मुलगी. एकाच मुलीवर दोन्ही बाजूंचा दावा. आणि जिच्यामुळे हा सगळा पेच सुरू झाला ती आई दोन्ही गोष्टींत मागच्या मागे पुसट होते.

आई मेलेली असली की लेखकाचं काम सोपं होतं. मुलगी हलकी होते, उचलून पलीकडे ठेवता येते. आई जिवंत असेल तर कादंबरीला सणाच्या दिवशी काय होतं ते लिहावं लागेल.

आज या विषयावर शिक्षकाला शब्द जपून वापरावे लागतात. बातम्यांत मुली पळवल्या जातात, फसवल्या जातात, वाचवल्या जातात. व्याकरण शिकवणारीला हे पटकन दिसतं: तिन्ही वाक्यांत मुलगी कर्म आहे, कर्ता दुसराच. श्रद्धेत जबरदस्ती नसते ही सूरह बकरातली आयत आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे, पण ती म्हणताना आपण बहुतेक आपल्याकडे येणाऱ्यांचा विचार करतो, जाणाऱ्यांचा नाही.

आमच्या ओळखीतल्या एका बाईची मुलगी चार वर्षांपूर्वी दुसऱ्या धर्माच्या मुलाशी लग्न करून गेली. मुलाचा धर्म मी सांगत नाही. सांगितला की वाचणारे लगेच आपापल्या बाजूला जाऊन बसतात. त्या बाईंना विचारून, ओळख लागणार नाही एवढंच लिहितेय. त्यांना उर्दू वाचता येतं, मराठी नाही. मुलगी मराठी माध्यमात शिकलेली, तिला उर्दू लिहिता येत नाही. घरात पुरुष माणसांसमोर फोन करायची सोय नाही. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी त्या मगरीबनंतर माझ्याकडे येतात, ओढणीतून मोबाइल काढतात आणि मुलीचे निरोप मी वाचून दाखवते.

पहिल्यांदा मला वाटलं होतं, काहीतरी मोठं असेल. रडणं, माफी, धर्माचं काहीतरी. निरोपात होतं, "अम्मी गुडघ्याला तेल लावतेस का. आंबाड्याच्या भाजीत डाळ आधीच टाकायची का वेगळी शिजवायची." बाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अलग पकाना बोल उसकू. कित्ते बार बताई मैं." मी टाइप केलं. त्या म्हणाल्या, "वो कित्ते बार वाला मत लिख." मग पुन्हा म्हणाल्या, "अच्छा, लिख दे."

तिने नाव बदललं का, नमाज पढते का, हे त्यांनी मला कधी विचारायला लावलं नाही. मीही विचारत नाही.

हे असं लिहिणारं पुस्तक मराठीत एक आहे, आणि ते कादंबरी नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', 1934 पासून भागाभागाने आलेली. मी बी.एड.च्या वर्षी पहिल्यांदा वाचली, तेव्हा हसण्यासाठी वाचली. या तीन महिन्यांत, सिस्टरच्या कादंबऱ्या संपल्यावर पुन्हा काढली आणि मला वाटलं, या सगळ्या लेखकांना जी गोष्ट लिहायची होती ती नगरच्या या बाईने लिहून ठेवलीय. इतिहास आहे, ख्रिस्त आहे, प्रेम तर आहेच.

सोवळं किती कडक असावं, तर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या घरी बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय आत येत नसे. अशा घरातली मुलगी कोवळ्या वयात नारायण वामन टिळकांना दिली. टिळक कवी, शीघ्रकोपी, न सांगता घरातून निघून जाणारे, हातातलं दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. शरर यांचा स्कॉटही रेल्वेतच; त्या काळच्या रेल्वेने आपल्या साहित्याचं बरंच काही उलथंपालथं केलंय. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना हे कळलं तेव्हा त्यांची काय अवस्था झाली ते त्यांच्याच शब्दांत वाचावं, मी सांगून ते उतरणार नाही.

कादंबरी असती तर तिसऱ्या प्रकरणात त्या नवऱ्याच्या मागे गेल्या असत्या. त्या गेल्या नाहीत. चार-साडेचार वर्षं वेगळ्या राहिल्या. माहेर, नणंद, नाशिक, पंढरपूर. नवरा पत्रं लिहितो, भेटायला येतो, ही रडते, भांडते, कविता करते. नातेवाईक आहेत, शेजारी आहेत, मुलगा आहे. प्रेम कुठेही कमी झालेलं नाही आणि तरी त्याने धर्माचा प्रश्न सुटत नाही. शेवटी त्या त्यांच्याकडे राहायला गेल्या त्यासुद्धा आपलं सोवळं घेऊन, स्वयंपाक वेगळा. ख्रिस्ती नवरा आणि हिंदू बायको एका छपराखाली. आणि टिळक, जे फुटक्या कपावरूनही आकाशपाताळ एक करत, या एका बाबतीत थांबून राहिले.

आधी सोवळं गेलं. कुणाच्याही हातचं पाणी प्यायला हरकत नाही, हे त्यांना त्यांचं पटलं. धर्म नंतर आला, 1900 मध्ये. ही क्रमवारी मला फार मोलाची वाटते. बायबलातली वचनं पटायच्या आधी शेजारणीच्या हातचं पाणी पटलं. पुढे टिळकांनी अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुरं केलं, तीही नवऱ्याची सावली म्हणून नाही.

मी मुसलमान आहे, त्या ज्या निष्कर्षाला पोचल्या तो माझा नाही. पण त्या कशा पोचल्या हे वाचताना मला एकदाही वाटलं नाही की मला कुणी ओढतंय. रिव्हर्स वाचताना वाटतं. शरर वाचताना आता वाटतं, तेव्हा वाटत नव्हतं, कारण ओढ माझ्याच दिशेला होती.

सिस्टरना फोनवर हे सांगितलं. शरर उर्दूत, त्यांना वाचता येणार नाहीत, म्हणून वर्जीनेची गोष्ट मीच तासभर सांगितली. त्या हसत सुटल्या. म्हणाल्या, "अहो, हे तर आमच्याच पुस्तकातलं, नुसती नावं बदलली."

शाळेच्या कपाटात मी या वर्षी दोन पुस्तकं ठेवली: 'फिरदौस-ए-बरीं' उर्दूच्या मुलांसाठी आणि 'स्मृतिचित्रे' सगळ्यांसाठी. रिव्हर्सची हदस्सा घरीच ठेवलीय, इंग्रजी झेपेल त्या मुलीला देईन. हिजाझी ठेवायला कुणी सांगावं लागत नाही, ते मुलांकडे असतातच. वाचू देत, मीही वाचलेत.

'स्मृतिचित्रे' पहिल्यांदा नेली ती नववीतल्या एका मुलीने. नकाब, मागच्या बाकावर, वर्गात तोंड न उघडणारी. पंधरा दिवसांनी परत आणून दिली तेव्हा मी विचारलं, कसं वाटलं. मला वाटलं धर्माबद्दल काही बोलेल. तिने इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, ते टिळक किती चिडके होते! आमच्या अब्बांसारखे." मग दुसरा भाग आहे का म्हणून विचारलं. मी सांगितलं, तुझ्या हातात होतं ते सगळे भाग एकत्र असलेलं पुस्तक होतं. ती म्हणाली, मग तेच पुन्हा द्या.